कॉटन क्लबची गिऱ्हाइकं

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या आमच्या मराठी मंडळींत एका वाक्याला फार मान आहे : संगीतात राजकारण आणू नका. गणेशोत्सवातल्या सांस्कृतिक संध्याकाळी आंबेडकरी जलसा ठेवावा, असं एका सभासदानं सुचवलं, तेव्हा कार्यकारिणीतून हेच वाक्य आलं. जोडीला दाखला आला तो थेट अमेरिकेचा. काळ्या लोकांकडे बघा, म्हणे. त्यांनी जॅझ दिलं, ब्लूज दिलं, सोल दिलं, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. गोऱ्यांची मनं सुरांनी जिंकली आणि समता मागोमाग आली. आमचे शाहीर मात्र माइक हातात आला की भांडायलाच उभे राहतात. हे सांगणारे गृहस्थ शुक्रवारी रात्री पाचव्या ब्लॉकमधल्या पबात हिप-हॉपवर मान डोलावताना दिसतात. त्यांच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी सांगितलेला इतिहास मात्र साफ खोटा आहे, आणि त्या खोट्या इतिहासाच्या जोरावर त्यांनी जलसा बाद केला, म्हणून हा लेख.

सुरांनी मनं जिंकली असती, तर पहिली जिंकली असती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कॉटन क्लबमध्ये. 1927च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तिथे रुजू झाला. मंचावरचे वादक काळे, नाचणाऱ्या मुली काळ्या, त्याही उजळ रंगाच्या बघून निवडलेल्या. सजावट दक्षिणेतल्या मळ्यांची, म्हणजे जिथे यांच्या आज्या-पणज्या गुलाम म्हणून राबल्या तिथली. आणि टेबलांवर बसणारी गिऱ्हाइकं फक्त गोरी. हार्लेममध्ये राहणाऱ्या काळ्या माणसाला त्या दारातून वादक म्हणून आत जाता येई, श्रोता म्हणून नाही. ती गिऱ्हाइकं बहिरी नव्हती. टाळ्या वाजवत होती, पैसे उधळत होती, घरी तबकड्या लावत होती. नागरी हक्कांचा कायदा व्हायला 1964 साल उजाडावं लागलं. मधल्या 37 वर्षांत गोऱ्या कानांनी काळं संगीत पोटभर ऐकलं. ऐकण्यानं व्हायचं असतं, तर केव्हाच झालं असतं.

उलट या आनंदाचा पडदा करता येतो. 1956 पासून अमेरिकी सरकारनं जॅझवाल्यांना जगभर पाठवायला सुरुवात केली, पहिला मान डिझी गिलेस्पीला. 'पाहा, आमच्याकडे काळ्यांना किती वाव आहे' हे रशियाला आणि आपल्यासारख्या नव्या स्वतंत्र देशांना दाखवायचं होतं. दुसऱ्याच वर्षी लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू देईनात, तेव्हा सदा हसतमुख म्हणून ज्याची टिंगल व्हायची त्या लुई आर्मस्ट्राँगनं सरकारला खडे बोल सुनावून सोव्हिएत दौऱ्याला नकार दिला. 1963च्या सप्टेंबरात एलिंग्टन सरकारी खर्चानं आशियाच्या दौऱ्यावर निघाला, त्यात भारतही होता. त्याच महिन्याच्या 15 तारखेला अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मेल्या.

आपल्याला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. ढोलकी-हलगीवर शिट्ट्या मारणाऱ्या महाराष्ट्रानं ती वाजवणाऱ्याला घराच्या उंबऱ्याआत कधी घेतलं? लग्नाच्या वरातीत हलगीवाला सगळ्यांत पुढे, पंगतीत सगळ्यांत मागे किंवा नाहीच. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आणि पवळाबाईंची अदा यांवर पिढ्या खूश झाल्या, पण त्या खुशीतून गावातला पाणवठा काही खुला झाला नाही. कोरमंगलात कुणी हिप-हॉपवर मान डोलावतो म्हणजे तो वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिला, असं त्यानं समजू नये. तो कॉटन क्लबचं गिऱ्हाईक आहे. उशिरा आलेला, इतकंच.

आता 'शिव्या दिल्या नाहीत'कडे येऊ. बिली हॉलिडेनं 1939 मध्ये झाडाला टांगलेल्या काळ्या प्रेतांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं, तेव्हा तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं ते मुद्रित करायला नकार दिला. कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीकडे जावं लागलं. गायक पॉल रोबसनचा पासपोर्ट 1950 मध्ये काढून घेतला, तो आठ वर्षांनी परत मिळाला. बर्मिंगहॅमच्या स्फोटानंतर नीना सिमोननं जे गाणं केलं त्याच्या नावातच मिसिसिपी राज्याला शिवी आहे, आणि दक्षिणेतल्या रेडिओ केंद्रांनी ते लावलं नाही. 'निखळ संगीत' हवं असणाऱ्यांसाठी त्याच वर्षीचं जॉन कोल्ट्रेनचं 'अलाबामा' आहे. त्यात एकही शब्द नाही, सगळं सॅक्सोफोनवर. पण त्या चार मुली माहीत असलेल्या माणसाला ते निखळ म्हणून ऐकता येणार नाही.

आमच्याकडे दुसरा पक्षही आहे, आणि तो मला अधिक शहाणा वाटतो. या मंडळींना जलशाचं वावडं नाही, कौतुकही नाही. त्यांचं म्हणणं असं : गाण्यानं काय होतं? कायदा होतो, आरक्षण होतं, न्यायालयात निकाल लागतो. गाणी म्हणजे मिरवणुकीची सजावट. अभियांत्रिकी शिकलेल्या गावात हा युक्तिवाद खपतो, कारण त्यात मोजता येण्याजोगं काहीतरी असतं. माझं उत्तर एवढंच, की गाण्यानं श्रोत्याचं काय होतं हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. गाणाऱ्याचं काय होतं ते बघा.

जॉर्जिया राज्यातल्या अल्बनी गावात 1961-62 मध्ये वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात शेकड्यांनी लोक तुरुंगात गेले. पोलिस चर्चच्या दारात उभे असताना सभा चालू ठेवायची, तर भाषण कामाचं नाही. भाषण करणाऱ्या एकाला उचललं की सभा मोडते. गाणाऱ्या चारशे जणांतला नेमका कोण उचलणार? एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात, टाकणारा थकला की दुसरा टाकतो. आंदोलनात उतरली म्हणून कॉलेजनं काढून टाकलेली बर्नीस जॉन्सन याच गावची. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी 1962 मध्ये 'फ्रीडम सिंगर्स' काढलं आणि देशभर गात फिरून विद्यार्थी संघटनेसाठी पैसे उभे केले. याला सजावट म्हणत असाल तर कार्यकर्त्यांची बैठक आणि निधी-संकलनही सजावटच.

कोरमंगलातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत 'हम होंगे कामयाब' हमखास होतं. ते ज्या इंग्रजी गाण्याचं भाषांतर आहे, त्याच्या मुळाशी जुनी चर्चगीतं आहेत. ते लढ्याचं झालं 1945-46च्या हिवाळ्यात, चार्ल्सटनमधल्या सिगार कारखान्याच्या संपात. पगारवाढीसाठी फाटकाबाहेर थंडीपावसात उभ्या असलेल्या काळ्या बायकांनी ते म्हटलं. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर या कामगार-शाळेत गेलं आणि तिथून रस्त्यावर. आपल्या मुलांच्या तोंडी ते आलंय, संप तेवढा गळालाय.

आपल्या जलशाची रचनाही अशीच कामाची. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता : गण, गवळण, बतावणी, वग. सत्यशोधकांनी तो उचलला, 1930च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी केला. अण्णा भाऊ साठ्यांनी गवळण काढून टाकली आणि गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना वंदन घातलं. बतावणीत दोन पात्रं हुज्जत घालतात, एक जुन्या मताचं, एक चौकस. अक्षरओळख नसलेला प्रेक्षक हसता हसता दोन्ही बाजू ऐकतो आणि घरी जाताना वाद पुढे चालवतो. खंडनमंडन म्हणतात ते हेच, फक्त ढोलकीवर. 1944 मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि पुढे मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. सजावटीवर कुणी बंदी घालत नाही.

तिसरा आक्षेप ठरलेला असतो : अमेरिका वेगळी, आपण वेगळे, उगाच तुलना करू नका. पण ही तुलना काही आजच्या इंटरनेटी पोरांनी आणलेली नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. मार्टिन ल्यूथर किंग 1959 मध्ये भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. किंग आधी चपापले, मग त्यांना ते पटलं, हे त्यांनी स्वतःच पुढे एका प्रवचनात सांगितलं आहे. 1972 मध्ये ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं आपल्या 'दलित पँथर' संघटनेचं नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं.

फरक आहेत, आणि त्यातला एक आपल्या विरोधात जातो. काळ्या गायकाचा रंग तबकडीच्या वेष्टनावर दिसतो. आपल्याकडे गळा एकच असला तरी गाणी वेगळी करून ठेवता येतात. प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलगीतांशिवाय आषाढी होत नाही. आमच्या सोसायटीतही ती सकाळी सहाला वाजतात. त्याच प्रल्हाददादांनी त्याच आवाजात भीमगीतं गायली, त्यांच्या कॅसेटी वस्त्या-वस्त्यांत झिजेपर्यंत वाजल्या. ती गाणी सोसायटीतल्या कितींनी ऐकली आहेत? आवाज पसंत, अर्धा माणूस नापसंत. मंडळात जलसा सुचवणाऱ्या सभासदाला मिळालेलं उत्तरही याच मापाचं होतं.

बाजार गाणं गिळतो, हेही कबूल. 2021 मध्ये तमिळ रॅपर अरिवूचं 'एंजॉय एंजामी' जगभर गाजलं. भूमिहीन मळेकामगार असलेल्या आजीच्या आयुष्यावर त्यानं ते लिहिलं होतं. पुढे त्या यशाच्या निमित्तानं 'रोलिंग स्टोन इंडिया'चं मुखपृष्ठ आलं, त्यावर दुसरेच चेहरे. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला तेव्हा चर्चा झाली. पण बाजार गिळतो म्हणून गाणंच नको, हा निष्कर्ष कुणाच्या सोयीचा आहे, ते वेगळं सांगायला नको.

राहिलं आपलं बेंगळुरू. 1973 मध्ये इथले मंत्री बसवलिंगप्पा यांनी बरंचसं कन्नड साहित्य म्हणजे गुरांचा भुसा आहे, असं म्हटलं. राज्यभर दंगे झाले, दलित विद्यार्थ्यांनी मार खाल्ला, मंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्या धगीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली, आणि 1975 मध्ये कवी सिद्धलिंगय्यांचा 'होलेमादिगर हाडु' हा संग्रह आला. त्यातल्या कविता मोर्च्यांत गायल्या गेल्या. हे सगळं आपल्या बसमार्गांवरच्या शहरात घडलं, आणि इथे पंचवीस वर्षं राहिलेल्या मराठी माणसाला ढसाळ निदान ऐकून तरी माहीत असतात, सिद्धलिंगय्या नसतात. याच शहरात 2016च्या जानेवारी अखेरीस हेसरघट्टा रस्त्यावर जमावानं एका टांझानियन विद्यार्थिनीला मारहाण केली, कारण आधी झालेल्या अपघातातला चालक तिच्यासारखाच आफ्रिकी होता. चालक सुदानचा होता, ती वेगळ्या देशाची. जमावाला रंग पुरला. त्या आठवड्यातही पबांतलं हिप-हॉप बंद पडलं नव्हतं.

नॅशनल गेम्स व्हिलेजच्या इमारतींलगत एल. आर. नगर आहे. आमच्याकडे भांडी घासायला, गाड्या चालवायला येणारी बरीच माणसं तिथली. 14 एप्रिलला तिकडून तमटे ऐकू येतात. तमटे म्हणजे आपली हलगीच, जरा मोठी. वाजवण्याआधी पोरं रस्त्याच्या कडेला रद्दी पेटवतात आणि चामडं त्या जाळावर फिरवत राहतात. बोटानं टिचकी मारून बघतात, आवाज बसका आला की पुन्हा जाळावर. कातडं ताणलं की तो असा कडाडतो की चौथ्या मजल्यावरच्या काचा थरथरतात. मग आमच्या ग्रुपवर आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. डीजेच्या तक्रारीही येतात म्हणा, पण त्यांत 'ते लोक' हा शब्द नसतो.

तेव्हा माझा ठराव असा. गणेशोत्सवातली एक संध्याकाळ जलशाला द्यावी. गायक महाराष्ट्रातून बोलवावेत आणि गाण्यांची यादी त्यांनी ठरवावी, कार्यकारिणीनं नाही. सुरुवातीला तमट्यांचं पथक एल. आर. नगरातून यावं, मुख्य फाटकातून. कार्यक्रमानंतरच्या जेवणात त्यांची पानं आमच्याच पंगतीत असावीत. आणि मानधन गेल्या वर्षी शास्त्रीय गायकाला दिलं तेवढंच, आगाऊ.