गुरुजींची परीक्षा

गेल्या काही महिन्यांपासून शिक्षकवर्गात एकच शब्द कानावर पडतो आहे, तो म्हणजे 'टेट'. मधल्या सुट्टीत डबा उघडला की हाच विषय निघतो. विद्यार्थी मित्रांना याची गंमत वाटत असणार. वर्षभर आपली परीक्षा घेणाऱ्या बाईंना आणि सरांनाही आता परीक्षेला बसावे लागणार, याहून मोठा न्याय तो कोणता! परंतु पालक आणि विश्वस्त मंडळींनी या विषयाकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हकीकत सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्याची किमान पात्रता काय असावी, हे ठरविण्याचा अधिकार या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी ती पात्रता जाहीर केली. नुसती पी.टी.सी. किंवा बी.एड.ची पदवी पुरेशी नाही, शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण झाली पाहिजे, असे त्यात ठरले. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, आणि उत्तीर्ण होण्यास साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण. राखीव वर्गांना सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. आधीपासून नोकरीत असलेल्यांना ही परीक्षा लागू नाही, असाच समज त्यानंतर पंधरा वर्षे चालला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टेट उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी, असा तो निकाल. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली आहे त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षेविना बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांना हे लागू करायचे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

आमचा खरा मुद्दा या शेवटच्या वाक्याशी आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमात धार्मिक अल्पसंख्याकांबरोबर भाषिक अल्पसंख्याकही येतात, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवले आहे. म्हणजे गुजरातेत आपण मराठी माणसे भाषिक अल्पसंख्याक ठरतो. साहजिकच काही मंडळींच्या मनात आले की, आपण या आधाराने परीक्षेतून सुटका मागावी. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला. आमचे मत स्पष्ट आहे : मागू नये. ही सवलत घटनेने दिली ती आपली भाषा आणि आपल्या संस्था जपता याव्यात म्हणून. आपल्या मुलांना कमी शिकलेला शिक्षक मिळावा, यासाठी नव्हे.

आता कोणी म्हणेल, परीक्षा दिल्याने का कोणी चांगला शिक्षक होतो? नाही होत. हे आम्हालाही मान्य आहे. पण 'परीक्षेने काही होत नाही' हे म्हणता म्हणता लोक 'प्रशिक्षणानेही काही होत नाही, शिकवणे ही उपजत कला आहे' इथवर येतात, तिथे आमचा सांधा निखळतो.

एक साधे उदाहरण घेऊ. दुसरीतल्या मुलाला ४२ वजा १७ हे गणित घातले. त्याने उत्तर लिहिले ३५. अप्रशिक्षित माणूस त्यावर लाल फुली मारतो आणि वर 'नीट लक्ष दे' असे बजावतो. मुलाचे लक्ष नव्हते असे मुळीच नाही. त्याने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, हा नियम त्याने मनाशी बांधला आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळतो आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो शिक्षक काड्यांचे गठ्ठे बाहेर काढतो, एक दशक सोडून दाखवतो, आणि चूक मुळातून जाते. ज्याला ठाऊक नाही तो तेच गणित दहा वेळा सोडवून घेतो, आणि मूल तीच चूक दहा वेळा करते.

दुसरे उदाहरण. आपण म्हणतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. ऐकून अंक लिहिणारे पहिलीतले मूल ५२ लिहिते ते यामुळे. (२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची 'वीस पाच' अशी पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. ती पद्धत योग्य की अयोग्य यात आम्ही शिरत नाही. पण अडचण खरी होती, हे थट्टा करणारे विसरले.)

आपल्या बडोद्याच्या मुलांची तर आणखी एक तऱ्हा. गल्लीत गुजराती, घरी मराठी, दूरचित्रवाणीवर हिंदी. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. दोन्ही लिप्या शिकणारे मूल मराठीच्या वहीतही अक्षरे उघडीच ठेवते. 'च' कुठे चमच्यातला म्हणायचा आणि कुठे चहातला, हे ज्या घरात रोज ऐकू येते तिथे प्रश्न नाही. ज्या घरात आई गुजराती आहे तिथे आहे. हे सारे चूक म्हणून मोजायचे, की एका भाषेतून दुसरीत येण्याच्या पायऱ्या म्हणून ओळखायचे? हे ओळखणे अनुभवाने येते खरे, पण तो अनुभव यायला आठ-दहा वर्षे लागतात. तोवर आठ-दहा तुकड्या बाहेर पडलेल्या असतात. प्रशिक्षण असते ते एवढ्याचसाठी.

पदवीधर बी.एड. उमेदवार प्राथमिकला का चालू नये, हा प्रश्नही आम्हाला अनेकदा विचारला जातो. २०१८ मध्ये राष्ट्रीय परिषदेने अशा उमेदवारांना पहिली ते पाचवीचे दार उघडून दिले होते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा, एवढीच अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते दार बंद केले. आम्हाला तो निकाल पटला. बी.एड. मध्ये इतिहास, विज्ञान, गणित हे विषय मोठ्या मुलांना कसे शिकवावे हे सांगतात. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि उच्चार यांची गाठ कशी घालून द्यावी, हा त्याचा विषयच नाही. पदवी मोठी म्हणून माणूस प्राथमिकला अधिक योग्य, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आणि फार चुकीचा आहे. हाडाच्या डॉक्टरकडे आपण डोळे तपासायला जात नाही.

बडोद्याला हे सांगायला नको होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. येथे १९३५ साली सुरू झालेले माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय १९४९ मध्ये विद्यापीठाची स्वतंत्र शाखा बनले. आपल्या समाजातील किती शिक्षक-शिक्षिका त्या शाखेतून बाहेर पडल्या असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

परंतु कायदा एक सांगतो आणि सरकारी व्यवस्था वेगळेच करते, हेही लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच शिक्षणहक्क कायद्याचे २६ वे कलम म्हणते की सरकारी व अनुदानित शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या असू नयेत. प्रत्यक्षात काय दिसते? आधी विद्यासहायक आले, पहिली पाच वर्षे ठरावीक पगारावर. २०२३ मध्ये ज्ञानसहायक आले, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. प्राथमिकला महिना एकवीस हजार. अकरा महिन्यांचा करार आपण घर भाड्याने देताना करतो, भाडेकरूचा हक्क लागू नये म्हणून. वर्ग असा भाड्याने देता येतो का? आणि या जागांसाठीही टेट किंवा टाट उत्तीर्ण असणे आवश्यकच. म्हणजे परीक्षा कायमची घ्यायची आणि नोकरी अकरा महिन्यांची द्यायची. पात्र उमेदवारांनी यावर गांधीनगरला आंदोलने केली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारला मोठ्या कायमस्वरूपी भरतीची घोषणा करावी लागली. शिक्षकाकडून दर्जा मागणाऱ्याने शिक्षकाला स्थैर्य देण्याचीही तयारी ठेवावी. एक हात पुढे आणि दुसरा पाठीमागे, असे चालत नाही.

परीक्षेवरचा विश्वासही असा सहज मिळत नसतो. महाराष्ट्रातील २०१९-२० च्या टेटमधला गुण वाढवून देण्याचा प्रकार २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणला, परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले, आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. त्याआधी २०१२ मध्ये न्यायमूर्ती वर्मा आयोगाने प्रशिक्षण महाविद्यालयांच्या दर्जाबद्दल कडक शब्दांत लिहिले होते. तो आयोग नेमण्याचे निमित्तही महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद हेच होते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा 'प्रमाणपत्र आहे ना, मग झाले' असेही आम्ही म्हणत नाही.

ज्येष्ठ शिक्षकांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पंचवीस वर्षे वर्ग सांभाळल्यावर, पियाजे आणि वायगॉट्स्की यांची नावे पाठ करून गोल काळे करायचे, यात त्यांना अपमान वाटला तर तो समजण्यासारखा आहे. ज्या नियमाने त्यांना नोकरीवर घेतले तो नियम त्यांनी पाळला होता. आमच्या मते नव्या नेमणुकीसाठी ही अट पूर्णपणे रास्त आहे; जुन्यांसाठी तीच अट नोकरीच्या टांगत्या तलवारीसह लावणे कठोर आहे. एवढे म्हटल्यावर हेही म्हणतो की परीक्षा अशक्य नाही. पहिल्या पेपरात बालविकास, दोन भाषा, गणित आणि पर्यावरण, प्रत्येकी तीस प्रश्न. त्यातले निम्म्याहून अधिक आपले शिक्षक रोज शिकवतच असतात. अडते ते वेळेपाशी. दिवसभर तास, संध्याकाळी वह्या, मध्येच निवडणुकीची यादी आणि स्नेहसंमेलन. म्हणून या दोन वर्षांत ज्या शिक्षकांना परीक्षा द्यायची आहे, त्यांच्याकडची कारकुनी कामे काढून घ्यावीत, आठवड्याला दोन तास मोकळे द्यावेत आणि परीक्षेची फी संस्थेने भरावी, असे आम्ही सुचवले आहे. तरुण शिक्षकांनी शनिवारी दुपारी ज्येष्ठांबरोबर बसून गणिताचे व बालविकासाचे पेपर सोडवावेत. काही जणांनी सुरुवात केलीसुद्धा.

आता आपल्या घरचा मामला. माध्यमिक विभाग ग्रान्टेड असल्याने तेथील निवड राज्य पातळीवर गुणांनुसार होते, संस्थेच्या हाती फारसे नाही. प्राथमिक विभाग मात्र स्वनिर्भर. तेथे कोणाला घ्यायचे ते विश्वस्त ठरवतात, आणि पैशाची ओढाताणही तेथेच आहे. जाहिरात दिली की मराठीतून शिकवू शकणाऱ्या प्रशिक्षित उमेदवारांचे अर्ज मूठभर येतात. अप्रशिक्षित पदवीधरांचे भरपूर येतात, आणि ते कमी पगारावर तयार असतात. आपल्याच ओळखीतल्या घरची मुलगी आहे, मराठी छान बोलते, शिकेल हळूहळू, असे म्हणणे फार सोपे जाते. ती शिकेलही. पण कोणाच्या मुलांवर? आमचा आग्रह असा की अशा हुशार मुलीला संस्थेने आधी प्रशिक्षणाला पाठवावे. फीचा काही भाग संस्थेने उचलावा आणि बदल्यात तिने तीन वर्षे येथे शिकवण्याचे लिहून द्यावे. विश्वस्तांना हा खर्च जड वाटेल याची आम्हाला जाणीव आहे. सभागृहाच्या रंगकामासाठी यंदा जी रक्कम बाजूला काढली आहे, तीत दोघींचे प्रशिक्षण होते.

निवडीच्या वेळी मुलाखतीच्या जोडीला प्रत्यक्ष पाठ ठेवावा, हीही आमची सूचना आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पाठ घेऊन दाखवण्याचा आणि स्थानिक भाषेवरील प्रभुत्वाचा उल्लेख आहे. विश्वस्तांसमोर कोरड्या खोलीत नव्हे, तर दुसरीच्या खऱ्या वर्गात, चाळीस मिनिटे, शेवटच्या बाकावरच्या मुलांसकट. पाठ संपल्यावर उमेदवाराला एवढेच विचारावे की, कोणत्या मुलाला समजले नाही आणि का. ज्याला हे सांगता येईल त्याला घ्यावे.

पालकांकडेही एक मागणे आहे. प्रवेशाच्या वेळी आपण रिक्षाची सोय, संगणक, इंग्रजी कितवीपासून, हे सारे विचारता. पहिलीला कोण शिकवणार, त्यांचे प्रशिक्षण काय झाले आहे, हे विचारणारे पालक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. यंदा जूनमध्ये प्राथमिकच्या सर्व शिक्षकांची शैक्षणिक व प्रशिक्षणाची माहिती कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावण्याचे ठरले आहे. ती वाचावी, आणि शंका असल्यास मुख्याध्यापिकांना भेटावे. त्या शनिवारी सकाळी अकरापर्यंत याच कामासाठी बसतील.

निवृत्त शिक्षकांकडे त्यांच्या जुन्या पाठ टाचणाच्या वह्या असतील. रद्दीत देण्याआधी त्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. शनिवारच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग होईल.