डायरी आणि फळा

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. भांडण घरच्यांशीच आहे, आणि घरचे बरेचजण हे वाचतात, तेव्हा कुणाच्या पाठीमागे बोलल्याचं पाप लागणार नाही.

मागच्या महिन्यात आमच्या नातवाची सायकल इमारतीच्या पार्किंगमधून चोरीला गेली. पंचावन्न हजारांची सायकल. दोन वर्षं संध्याकाळच्या शिकवण्या घेऊन त्याने ते पैसे साठवले होते. चोरी झाली तेव्हा तो दोन दिवस महाबळेश्वरला होता आणि तिथे सकाळी सात किलोमीटर धावल्याची नोंद त्याच्या ॲपवर नकाशासकट झळकत होती. चोराने ती पाहिली की नाही, देव जाणे. पण आमच्या नातेवाइकांनी मात्र तेवढीच पाहिली. "जगाला दाखवत फिरायचं कशाला?" "आजकालच्या पोरांना मिरवायची हौस, दुसरं काय!" तक्रार घेणाऱ्या साहेबांनीही हाच सूर लावला. चोराला कुणी एक शब्द बोललं नाही. ज्याचं गेलं तोच आरोपी!

माझं म्हणणं असं की यात पोराची चूक नाही. आणि जिथे चूक आहे तिथे आपण बोटच दाखवत नाही.

आधी ही ॲप्स काय करतात ते सांगते, कारण ओरडणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी ती उघडूनही पाहिलेली नाहीत. स्ट्राव्हा हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, २००९ साली अमेरिकेत सुरू झालेलं. तुम्ही सायकल चालवा, धावा, चाला. उपग्रहाच्या मदतीने मोबाईल किंवा घड्याळ तुमचा सगळा मार्ग टिपून ठेवतं. किती वाजता निघालात, कुठून निघालात, कुठे वळलात, किती वाजता घरी आलात, सगळं. कोणती सायकल वापरली तेही नाव आणि मॉडेलसकट लिहिता येतं. वर फोटो जोडता येतो, आणि तो बहुधा फाटकाला टेकवलेल्या सायकलचाच असतो. आता चोराला काय काय लागतं ते पाहा. माल कोणता, ठेवलाय कुठे, आणि मालक नसतो केव्हा. तिन्ही उत्तरं एकाच पानावर! ब्रिटनमध्ये पोलिसांनी सायकलवाल्यांना याबद्दल सावध केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"मग बंद करा की ते ॲप," असं म्हणणं सोपं आहे. पण त्या नोंदींचा उपयोग आहे. गेल्या वर्षी सिंहगडाचा चढ किती वेळात चढलो आणि या वर्षी किती, हे समजलं की माणूस पहाटे अंथरूण सोडतो. आमच्या वयाच्या मंडळींनाही डॉक्टर रोज चालायला सांगतात. किती चाललो याचा हिशेब ठेवणं यात मिरवणं कसलं? पूर्वी लोक वहीत लिहायचे, आता मोबाईल लिहितो.

फरक एवढाच की वही आपल्या टेबलाच्या खणात असायची.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शाळेत लिहायच्या दोन जागा असतात, मुलाची डायरी आणि वर्गाचा फळा. डायरीतलं फळ्यावर लिहायचं असेल तर आधी मुलाला विचारायचं, हा साधा शिरस्ता. या ॲपवाल्यांनी तो उलटा केला आहे. प्रौढ माणसाने नवीन खातं उघडलं की स्ट्राव्हावर नोंद कुणाला दिसावी याची मूळ निवड 'सर्वांना' अशी असते. म्हणजे तुम्ही डायरी समजून लिहिता आणि ते फळ्यावर उमटतं. फळा पुसायचा असेल तर सेटिंगमध्ये जा, तिथून प्रायव्हसीत जा, तिथे एकेक कप्पा उघडा. नोंदी वेगळ्या, नकाशा वेगळा, प्रोफाइल वेगळं, सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून जो मोठा नकाशा काढतात त्याची परवानगी आणखी वेगळी. बिल्डरने दाराला कडीच बसवली नाही, कडी कशी बसवावी याचं पुस्तक तेवढं माळ्यावर ठेवलं, आणि चोरी झाल्यावर म्हणाला, पुस्तक दिलं होतं की! अशा बिल्डरला आपण सोडलं असतं का? मग इथे का सोडतो?

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही तांत्रिक माणसं नाही, तुम्हाला जमत नाही म्हणून तुम्ही रागावता. ठीक आहे, ज्यांना जमायला हवं होतं त्यांचं काय झालं ते बघू.

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हाने जगभरच्या शंभर कोटी नोंदींचा एक चकाकता नकाशा प्रसिद्ध केला. जिथे जास्त लोक धावतात तिथे जास्त उजेड. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान, सीरिया अशा देशांत सगळीकडे काळोख आणि मध्येच एखादी उजळ रेघ गोल गोल फिरते आहे. ते लष्करी तळ होते. जवान तळाच्या कडेने धावत होते आणि घड्याळं नोंद ठेवत होती. कंपनीचं म्हणणं काय, तर खाजगी ठेवलेल्या नोंदी आम्ही घेतल्याच नव्हत्या, आणि लोकांना सेटिंग नीट समजावीत म्हणून आम्ही मदत करू. म्हणजे पुन्हा तेच, पुस्तक माळ्यावर होतं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेवरच्या जवानांना स्थान सांगणाऱ्या सोयी वापरायला बंदी घातली. त्याआधी जुलैत पोलर या दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून सैनिकांची आणि गुप्तहेरांची घरं शोधता येतात हे पत्रकारांनी दाखवून दिलं होतं, आणि कंपनीला तो नकाशा तात्पुरता बंद करावा लागला होता.

बरं, एवढ्याने जग शहाणं झालं म्हणावं, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या 'ल माँद' या वृत्तपत्राने मॅक्राँ, बायडन आणि पुतिन यांच्या अंगरक्षकांच्या धावण्याच्या नोंदी स्ट्राव्हावर उघड्या सापडल्याचं छापलं. ज्यांचा पेशाच सावध राहण्याचा, त्यांना कडी सापडली नाही. मग विशीतल्या पोराला "तुला कळायला नको होतं?" असं विचारताना आपल्याला थोडं तरी काही वाटायला हवं.

आता कडी सापडली तरी ती किती पक्की? घराभोवतीचा भाग लपवायची सोय या ॲपवर आहे. ठराविक अंतराचं एक वर्तुळ घराभोवती पडतं आणि त्याच्या आतली रेघ इतरांना दिसत नाही. ऐकायला छान. भूमिती माझा विषय नव्हे, मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण शेजारच्या वर्गातून वर्षानुवर्षं कानावर पडलेलं आठवतं, की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं. तुम्ही तीन दिवस तीन वेगळ्या रस्त्यांनी बाहेर पडलात की रेघ तीन ठिकाणी तुटलेली दिसणार. ते तीन बिंदू घ्या, वर्तुळ काढा, मध्य तुमचं घर! अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. मध्यबिंदू थोडा सरकवून ठेवला तर ही युक्ती चालत नाही. पण २०२२ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी फट दाखवली. रेघ लपवली तरी एकूण अंतर पूर्ण लिहिलेलं राहतं. दिसणारी रेघ मोजा, एकूणातून वजा करा, लपवलेलं अंतर हातात आलं. मग त्या भागातल्या रस्त्यांवर तेवढं अंतर कुठे बसतं ते पाहायचं. चौथीतली वजाबाकी!

सुधारणा झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. रस्त्यात जवळून गेलेले अनोळखी लोक कोण होते हे दाखवणारी एक सोय स्ट्राव्हावर होती, ती २०२० मध्ये मुळात बंद आणि हवी असेल त्याने सुरू करायची अशी केली. म्हणजे हे करता येतं. मग बाकीच्यांचं घोडं कुठे अडलं? माझ्या समजुतीप्रमाणे ते अडलं धंद्यात. सगळ्यांच्या नोंदी बंद झाल्या तर एकमेकांना शाबासकी द्यायला कुणी ॲप उघडणार नाही.

कायदा काय म्हणतो? युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की माणसाने स्वतः काही केल्याशिवाय त्याची माहिती आपोआप अगणित लोकांना दिसता कामा नये. मला हवंय ते नेमकं हेच. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण त्यात एक गोम आहे. जी माहिती माणसाने स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. कायद्यात उदाहरणही दिलंय, तेही ब्लॉग लिहिणाऱ्या बाईचं! आता आम्ही ब्लॉगवाले समजून उमजून लिहितो, आम्हाला ते चालेल. पण 'सर्वांना' हा पर्याय कंपनीनेच आधी निवडून ठेवला असेल तर ते "स्वतः सार्वजनिक केलं" कसं? हा प्रश्न वकील मंडळींनी जरूर घ्यावा.

राहता राहिला "आपल्याला काय लपवायचंय?" हा आवडता प्रश्न. सायकल गेली तर गेली, पुन्हा येईल. पण आपल्याच घरातली एक मुलगी पहाटे साडेपाचला एकटी टेकडीवर पळायला जाते. रोज तीच वेळ, तोच रस्ता. जुलै २०२३ मध्ये रशियातल्या क्रास्नोदार शहरात पाणबुडीच्या एका माजी कप्तानाची सकाळी धावताना गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्याच्या धावण्याच्या नोंदी स्ट्राव्हावर उघड्या होत्या. मारेकऱ्याने त्याच वापरल्या असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या मुलीची वेळापत्रकं फळ्यावर लिहून ठेवायला माझी तरी तयारी नाही. तुमची आहे का, ते सांगा.

आणि आता भांडण थोडं घराजवळ आणते. सायकली मुळात पार्किंगमध्ये का असतात? कारण आमच्यासारख्या कित्येक सोसायट्यांत त्या लिफ्टमधून न्यायला मनाई! फ्रिज चालतो, सोफा चालतो, सायकल चालत नाही. कॅमेरे गाड्यांकडे तोंड करून, आणि सायकली जिन्याखाली अंधारात. एके काळी पुण्यात सायकलला कर होता आणि बिल्ला होता, निदान सायकल कुणाची याची कुठे तरी नोंद असायची. आता पंचावन्न हजारांच्या वस्तूला नंबरप्लेट नाही, जिन्याखाली भिंतीत एक लोखंडी कडी नाही, आणि आपण दोष देतो मोबाईलला. जिन्याखाली भिंतीत पक्क्या कड्या बसवायला फार खर्च येत नाही, पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय मांडणार आहे.

तोवर, कंपनी आणि सोसायटी सुधारेपर्यंत, आपल्या मुलांसाठी एवढं करा. नोंदी 'फक्त मला' किंवा फार तर ओळखीच्यांना दिसतील अशा ठेवा. नकाशा इतरांपासून पूर्ण लपवता येतो, तो लपवा. अर्धवट वर्तुळावर भिस्त नको. सायकलचं मॉडेल लिहू नका, 'लाल सायकल' एवढं पुरे. परगावची नोंद परत आल्यावर टाका. सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पायट्यांच्या मधल्या भागाखाली, नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि बिल जपून ठेवा, तो नंबर नसेल तर सापडलेली सायकल आपली म्हणून सांगणंही कठीण. कुलूप सांगाड्यातून आणि न हलणाऱ्या वस्तूतून घाला. नुसत्या पुढच्या चाकाला घातलं तर चाक उरतं. आणि चोरी झालीच तर तक्रार लेखी करा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या संहितेप्रमाणे ती इंटरनेटवरूनही देता येते, तीन दिवसांत सही करावी लागते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तरही आता चालत नाही.

नातवाने आता सेटिंग बदललं आहे, आणि सायकल चालवणंही सोडलेलं नाही, सध्या मित्राची जुनी चालवतो आहे. दिवाळीला सगळे जमाल तेव्हा त्याला कोणती घेतलीस, कुठे कुठे जाऊन आलास, एवढंच विचारा. उपदेश करायचा असेल तर तो मला प्रतिक्रियेत करा, मी उत्तर देईन.