मॉर्फिनवर आरोप, पण पुरावा कशाचा?

हृदयविकाराच्या झटक्यात मॉर्फिन घातक ठरते, अशी बातमी दर काही वर्षांनी विज्ञानवार्तांत डोके वर काढते. तिचे मूळ २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. ईसीजीत एसटी-उन्नती न दिसणाऱ्या झटक्याच्या ५७,०३९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, मॉर्फिन मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण मॉर्फिन मिळाले कोणाला? ज्यांच्या वेदना असह्य होत्या त्यांना. आणि त्यांचा आजारही अधिक तीव्र असण्याचा संभव होता. नोंदलेले फरक गणिताने वगळता येतात, न नोंदलेले नाहीत. सहसंबंधाला कारण म्हणण्याची चूक आम्ही भौतिकशास्त्राच्या प्रथम वर्षातही खपवून घेत नाही. मग मथळ्यात का घ्यावी?

मॉर्फिन निर्दोष आहे, असे मात्र मुळीच नाही. २०१६ साली पोलंडमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, मॉर्फिन दिलेल्यांच्या रक्तात टिकाग्रेलोर या गुठळीरोधक गोळीची सर्वोच्च पातळी दोनऐवजी चार तासांनी आली. मॉर्फिनने जठर व आतड्यांची हालचाल मंदावते, हे त्याचे स्वीकारार्ह स्पष्टीकरण. दोष खरा आहे. पण त्या चाचणीने मोजली ती औषधाची पातळी व परिणाम, मृत्युदराचा निवाडा तिने केलेला नाही. गोळी चुरून देणे किंवा शिरेतून गुठळीरोधक देणे, असे पर्यायही वैद्यकाजवळ आहेत. म्हणूनच २०२३ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे वेदनाशमनासाठी ओपिऑइडचा विचार करावा, असेच सांगतात.

आता आपल्याकडचे घड्याळ पाहू. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ अभ्यासात, वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांचा लक्षणांपासून रुग्णालयापर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर, वाटेत केशकालचा घाट. या सहा तासांवर मथळा होत नाही. मॉर्फिनच्या दोन तासांवर होतो.

त्यात भीती आधीच पेरलेली आहे. अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला आहे. तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन रुग्णशय्येपासून दूर लोटले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, मनातली धास्ती नव्हे. अशा वेळी अर्धवट बातमी वेदनेकडे पाठ फिरवण्यास शास्त्रीय सबब पुरवते.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी असा मथळा दिसला, तर सामायिक करण्यापूर्वी दोनच गोष्टी तपासा: औषध कोणाला दिले आणि शेवटी मोजले काय. उत्तर बातमीत नसेल, तर ते बातमीदाराकडे मागा.