गळून गेलेले मीठ

उन्हाळ्यात उमरखेडच्या एखाद्या रसवंतीवर बर्फाची लादी फोडताना नीट पाहा. कडा काचेसारख्या स्वच्छ, मधला पट्टा दुधी. डब्यातले पाणी बाहेरून आत गोठत येते आणि विरघळलेली हवा व क्षार पुढे लोटत जाते. पळायला वाट नसल्याने ते सारे मध्यावर अडकते. समुद्री बर्फाला मात्र तळाची वाट उघडी असते, आणि आपला पेच तिथेच सुरू होतो.

समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. बर्फाचा स्फटिक मीठ सामावून घेत नाही; ते ब्राइन, म्हणजे दाट खारे पाणी, होऊन स्फटिकांच्या फटींत साचते. हिवाळ्यात वरचा बर्फ अधिक थंड, म्हणून तिथले ब्राइन दाट आणि जड. तळाजवळचे पातळ आणि हलके. जड खाली उतरते, त्याच्या जागी समुद्राचे पाणी वर चढते. हेच अभिसरण. पण ब्राइनचे आकारमान सुमारे ५ टक्क्यांखाली गेले की फटींची सलगता तुटते. क्षारता ५ असलेल्या बर्फात ही वेळ साधारण उणे ५ अंशांना येते, हे गोल्डन, अ‍ॅक्ली आणि लायटल यांनी १९९८ मध्ये मांडले. म्हणून वाढत्या बर्फात अभिसरण मुख्यतः तळाच्या थरात चालते.

नेमका तोच थर आपल्या हातून निसटतो. कोअर, म्हणजे बर्फाचा कापलेला दंडगोल, भोकातून वर काढताना त्याचे खालचे टोक टपटप गळत असते. वितळवून क्षारता मोजेपर्यंत सर्वांत बोलका भाग निम्मा मुका झालेला असतो. मग तळाचा कमी आकडा पाहून कुणी लिहितो, ‘निचरा पूर्ण झाला.’ निचरा झाला खरा, पण काही अंशी आपल्याच हातून.

दुसरी चूक सवयीची. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात हिमस्तराच्या कोअरवर काम होते. त्या कोअरचे थर रोजनिशीसारखे वाचता येतात. समुद्री बर्फ मात्र तसा वाचता येत नाही; त्यातले मीठ बर्फ गोठल्यानंतरही हलत राहते. त्यामुळे क्षारतेचा आलेख हा त्या थराच्या जन्माचा दाखला नव्हे; कोअर काढला त्या दिवशीची ती शिल्लक आहे.

भारताचे आर्क्टिकमधले ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आणि अंटार्क्टिकातले ‘भारती’ २०१२ पासून चालू आहे. तिथे जाणाऱ्या आणि तिथली आकडेवारी वाचणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. कोअर बाहेर येताच तापमान घ्या, लगेच तुकडे करून झाकणबंद डब्यात टाका, शेजारी दुसरा कोअर काढा. लेख पाठवताना क्षारतेशेजारी तापमान, तुकड्याची लांबी आणि उपसणे ते कापणे यांतली मिनिटे लिहा. तळ गळत होता का, तेही लिहा. एवढी एक ओळ नसेल, तर अभिसरणाबद्दलचा निष्कर्ष आम्ही छापणार नाही.