विश्लेषण : ६जीच्या टेराहर्ट्झ लहरी ‘मिक्सर’पाशी का अडतात?

जालन्यात गच्चीवरच्या डीटीएच छत्रीच्या तोंडाशी एक छोटी डबी असते, एलएनबी. उपग्रहाचा १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल साध्या केबलमधून घरात येईपर्यंत विरून जाईल. म्हणून डबीतला मिक्सर त्यात १०.६ गिगाहर्ट्झची लहर मिसळतो आणि दोहोंतला फरक, म्हणजे १.४ गिगाहर्ट्झ, सेट-टॉप बॉक्सकडे पाठवतो. हेच काम शेकडो गिगाहर्ट्झवर करायचे म्हटले की अभियंत्यांना घाम फुटतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाने ६जीसाठी टेराहर्ट्झ चाचणी-मंचाला निधी दिला आहे. मुंबईत मुख्यालय असलेली ‘समीर’ ही संस्था आणि मद्रास, गुवाहाटी, पाटणा येथील आयआयटी त्यावर काम करत आहेत.

अडचण नेमकी कुठे?

एलएनबीत मिक्सरच्या आधी ॲम्प्लिफायर असतो. टेराहर्ट्झच्या वरच्या टप्प्यात तसा चांगला ॲम्प्लिफायर सहज मिळत नाही. त्यामुळे आलेला क्षीण सिग्नल थेट मिक्सरच्याच हाती पडतो आणि त्याने घातलेली खरखर पुढे कुणालाच काढता येत नाही. शॉटकी डायोडचा मिक्सर साध्या तापमानाला चालतो. पण त्यातला धातू आणि गॅलियम आर्सेनाइडचा स्पर्श मायक्रोमीटरभर किंवा त्याहूनही लहान लागतो, नाहीतर तिथे साठणारा विद्युतभार सिग्नलच गिळतो. अतिवाहक मिक्सर जास्त संवेदनशील, मात्र ते उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात.

‘ब्रॉडबँड’ का हवा?

पट्टा जितका रुंद, तितका डेटा जास्त. इथेच हे मिक्सर कमी पडतात. युरोपने २००९ मध्ये सोडलेल्या हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या ‘हायफाय’ उपकरणात १२५० गिगाहर्ट्झपर्यंत ४ गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एका वेळी टिपता येई. त्याहून वरच्या लहरींसाठी वेगळ्या जातीचा मिक्सर होता आणि रुंदी २.४ गिगाहर्ट्झवर आली. या जातीत इलेक्ट्रॉन तापतात आणि निवतात, त्यावर काम चालते. निवायला लागणारा वेळच पट्ट्याची मर्यादा ठरवतो.

जालन्याला हे कधी मिळणार?

लगेच नाही. २०२३ च्या दुबईतील जागतिक रेडिओ परिषदेने मोबाइल सेवेसाठी अभ्यासाला घेतलेले नवे पट्टे १५.३५ गिगाहर्ट्झच्या आतले आहेत. पहिले ६जी फोन त्याच टापूत चालण्याची शक्यता जास्त. शिवाय हवेतले बाष्प टेराहर्ट्झ लहरी शोषते, त्यामुळे गावोगावच्या टॉवरसाठी त्यांचा भरवसा धरू नये. एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्याच्या एखाद्या शेडमध्ये, काही मीटरच्या अंतरात, त्या कामाच्या ठरतील. तिथेही मिक्सर साध्या तापमानाला चालणाराच हवा. द्रव हेलियमची टाकी कुणी शेडमध्ये बसवणार नाही.