सायलेन्सर चिरडून प्रश्न सुटणार नाही

जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक शहरांनी गेल्या काही वर्षांत पाहिले आहे. त्यांत मोटारसायकलींचे सायलेन्सर बहुसंख्य असले, तरी मोटारीचा मूळ एक्झॉस्ट काढून तेथे ‘परफॉर्मन्स’ एक्झॉस्ट बसविण्याची हौस त्याच जातीची आहे. मध्यरात्रीच्या गडगडाटाने ज्यांची झोप मोडते, त्या नागरिकांना हा देखावा समाधान देत असेल, तर त्यात नवल नाही. परंतु चिरडलेल्या सायलेन्सरची जागा घेणारा दुसरा सायलेन्सर बाजारात उघडपणे मिळत असेल, तर या कारवाईने नेमके काय साधले, हा प्रश्न उरतोच.

या हौसेमागे काही तांत्रिक आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. जळलेला वायू जितक्या कमी अडथळ्याने बाहेर पडेल, तितका इंजिनावरील भार हलका होतो. रुंद नळी, सौम्य वळणे आणि वायूला सरळ आरपार जाऊ देणारा सायलेन्सर यांचे प्रयोजन तेच. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला, त्याच्या संगणकीय नियंत्रणातही अनुरूप बदल केल्यास, याचा लाभ जाणवतो. साध्या लहान पेट्रोल मोटारीचा केवळ मागचा सायलेन्सर बदलल्याने शक्तीत पडणारी भर मात्र नगण्य असते. नळी वाजवीपेक्षा रुंद झाली, तर कमी वेगातील ओढ उलट घटते. शक्ती म्हणून जे विकत घेतले जाते, तो पुष्कळदा निव्वळ आवाजच असतो.

तो आवाज मालकापुरता मर्यादित राहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. रस्त्याकडेच्या घरातील रुग्णाला आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला ही वाढ विनापरवानगी सोसावी लागते.

आवाज निदान ऐकू तरी येतो. दुसरी हानी दिसतही नाही. १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक करण्यात आला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर दिलेली ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे विष बरेचसे उतरविते. वायूच्या वाटेतील अडथळा म्हणून काही हौशी मालक तीच काढून टाकतात. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांसाठी एवढा खर्च करायचा आणि एका दुपारच्या गॅरेजकामात त्यावर पाणी सोडायचे, असा हा व्यवहार आहे. पीयूसीची तपासणीही येथे अपुरी पडते. पेट्रोल मोटारीच्या त्या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत, आणि आवाज तर नाहीच नाही.

कायदा दुबळा आहे, असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधन घालते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्यासाठी पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरविली. उणीव आहे ती अंमलबजावणीच्या दिशेत. रस्त्यावर सापडलेला तरुण दंड भरतो. ज्याने ती नळी विकली आणि ज्याने ती बसविली, त्यांच्या दुकानापर्यंत कारवाई क्वचितच पोहोचते.

मोटारशौकिनांचीही एक बाजू आहे. गंजलेला सायलेन्सर बदलणारा आणि मुद्दाम कर्कश सायलेन्सर बसविणारा यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. पोलिसांच्या कानांवर विसंबून केलेली कारवाई वादाला आणि तडजोडीला वाव ठेवते. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा ५९ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार चाचणीत उतरलेल्या सायलेन्सरवर मान्यतेची खूण असते. खूण पाहून ग्राहक निवड करू शकतो आणि पोलीसही निर्णय घेऊ शकतो.

आपल्याकडेही अशी खूण विक्रीच्या ठिकाणीच सक्तीची व्हावी, बिनखुणेच्या मालाची जबाबदारी विक्रेत्यावर व गॅरेजवर टाकावी, पोलिसांच्या हाती ध्वनिमापक द्यावा आणि पीयूसीच्या तपासणीत कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे पाहिले जावे. यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. रोडरोलरखाली पत्रा चिरडला जातो, छायाचित्रे निघतात. रात्रीची शांतता मात्र दुकानाच्या दारातच राखावी लागेल.