धुराड्यातील यंत्र आणि मंडळातील फाइल

औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न निघाला की हल्ली आपल्या प्रशासनाकडे एक उत्तर तयार असते: सेन्सर बसवा, माहिती ऑनलाइन आणा, नियंत्रण कक्षात मोठा पडदा लावा. या उत्तरात चूक काही नाही. ते अपुरे आहे एवढेच. धुराड्यात बसवलेले यंत्र दर काही मिनिटांनी एक आकडा पाठवते. त्या आकड्याचे पुढे काय होते, तो कोण पाहतो, पाहणाऱ्याला काय करण्याचा अधिकार असतो आणि यंत्राची देखभाल करणाऱ्याचे बिल कोण भरते, हे प्रश्न मात्र यंत्राच्या खरेदीनंतर कोणी विचारत नाही. मागील वर्षाच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे 2025 मध्ये, केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम अधिसूचित केले आणि ऑक्टोबरमध्ये काही उद्योगांसाठी हरितगृह वायूंच्या उत्सर्जन-तीव्रतेची उद्दिष्टे जाहीर केली. दोन्ही व्यवस्था माहितीच्या खरेपणावर उभ्या आहेत. म्हणून हे प्रश्न आताच विचारलेले बरे.

सुरुवात 2014 पासून करू. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्य मंडळांना निर्देश दिले की अतिप्रदूषणकारी अशा 17 उद्योगप्रकारांनी आपल्या सांडपाण्यावर आणि धुरावर अखंड ऑनलाइन देखरेख करणारी यंत्रे बसवावीत. कागद, साखर, मद्यार्क, चर्मोद्योग, सिमेंट, औष्णिक वीज, औषधनिर्मिती असे सारे मोठे उद्योग त्यात आले. यंत्रे बसली. मर्यादा ओलांडली गेली की कारखान्याला आपोआप संदेश जाण्याची व्यवस्थाही झाली. कागदोपत्री पाहता, वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या निरीक्षकाच्या जागी न झोपणारा पहारेकरी आला.

हा पहारेकरी कोणाच्या पगारावर आहे, ते मात्र पाहायला हवे. यंत्र कारखान्याने विकत घेतलेले असते. ते पुरवणारी, त्याचे अंशशोधन करणारी आणि त्यातील माहिती आपल्या सर्व्हरमार्गे मंडळाकडे धाडणारी कंपनी कारखान्यानेच निवडलेली असते आणि तिचे वार्षिक कंत्राट कारखान्याच्याच मर्जीवर टिकते. धूलिकणांचे यंत्र काही थेट धूळ मोजत नाही. प्रकाशाचा किरण किती अडला किंवा सळईवर किती विद्युतभार जमा झाला, यावरून ते अंदाज बांधते. तो अंदाज प्रत्यक्ष नमुन्याशी ताडून एक गुणक ठरवावा लागतो. गुणक थोडा कमी धरला की पुढील वर्षभराचे सगळे आकडे सभ्यपणे मर्यादेच्या आत राहतात. यंत्राची मोजमापाची कमाल पातळीच मर्यादेजवळ बांधून टाकणे, हा दुसरा मार्ग. सांडपाण्याच्या बाबतीत तर संवेदक स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवला की काम झाले. या क्लृप्त्यांना संगणकतज्ज्ञ लागत नाही.

आणि आकडा खरा आला, तरी पुढे काय? 1974 चा जल अधिनियम आणि 1981 चा वायू अधिनियम बाटलीच्या युगातील आहेत. अधिकाऱ्याने नोटीस देऊन नमुना घ्यायचा, तो मोहोरबंद करायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा, तेव्हा कुठे तो न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहणार. यंत्राचा आकडा फार तर तपासणीचे निमित्त ठरतो. तपासणीला जायला माणूस हवा, तर देशभरातील मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त आहेत आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयालाही राज्यांना फैलावर घ्यावे लागले आहे. परिणामी संदेश जातो, कारखान्याकडून ‘अंशशोधनाचे काम चालू होते’ असे उत्तर येते, आणि फाइल मिटते. माहिती तंत्रज्ञानाने कामाचा पहिला टप्पा वेगवान केला. दुसऱ्या टप्प्यावर जुनीच बैलगाडी उभी आहे.

या संदर्भात गुजरातमधील दोन प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. त्यांतील पहिल्यात नवे यंत्र एकही नव्हते.

गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या 1996 मधील आदेशामुळे प्रदूषणकारी कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ परीक्षकाकडून पर्यावरण लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. परीक्षक कारखान्यानेच निवडायचा आणि त्याचे शुल्कही कारखान्यानेच द्यायचे, अशी रीत होती. 2009 ते 2011 या काळात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत परिसरातील 473 कारखान्यांवर अभ्यास केला. धूलिकणांची मर्यादा होती प्रति घनमीटर 150 मिलिग्रॅम. परीक्षकांच्या अहवालांतील आकडे या रेषेच्या अगदी खाली दाटीवाटीने जमलेले आढळले. अहवालांनुसार मर्यादा मोडणारे कारखाने होते 7 टक्के. स्वतंत्र फेरतपासणीत ते निघाले 59 टक्के. परीक्षकांना मोजता येत नव्हते असे नाही. काय मोजले असता पुढील वर्षी पुन्हा बोलावणे येईल, हे त्यांना नेमके माहीत होते.

मग निम्म्या कारखान्यांसाठी रीत बदलण्यात आली. परीक्षक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने नेमला जाऊ लागला, त्याचे ठरावीक शुल्क सामाईक निधीतून मिळू लागले आणि त्याच्या मोजमापांपैकी काहींची दुसऱ्याकडून फेरतपासणी होऊ लागली. दुसऱ्या वर्षी तर अचूकतेनुसार मोबदला ठरला. खोटी अनुपालन-नोंद करण्याचे प्रमाण या गटात 80 टक्क्यांनी घटले आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे कारखान्यांनी प्रत्यक्षातले प्रदूषणही कमी केले. परीक्षकांची माणसे बहुधा तीच होती आणि उपकरणेही तीच. बदलला तो पैशाचा रस्ता. 2015 मध्ये गुजरातच्या मंडळाने परीक्षकांची यादृच्छिक नेमणूक नियमात आणली.

दुसरा प्रयोग सुरतचा. पांडेसरा, सचिन या भागांतील कापडप्रक्रिया कारखाने वाफेसाठी कोळसा आणि लिग्नाइट जाळतात. त्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांसाठी 2019 मध्ये तेथे परवान्यांची बाजारपेठ सुरू झाली. धूलिकणांसाठीची ही जगातील पहिलीच व्यवस्था. कल्पना त्याही आधीची: केंद्राने 2011 मध्येच गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू या तीन राज्यांसाठी असा पथदर्शी प्रकल्प जाहीर केला होता. प्रत्यक्षात तो उभा राहिला एकट्या सुरतेत, तोही आठ वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडे महाराष्ट्रात काय झाले, याचे एक उत्तर म्हणजे 2017 ची तारांकन योजना. तिच्यात कारखान्यांना त्यांच्या धूलिकणांनुसार एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर मांडले जाऊ लागले. चांगलीच योजना; परंतु तारा गमावल्याची किंमत ताळेबंदात उमटत नाही.

सुरतेत ती उमटली. क्षेत्रातील सर्व कारखान्यांनी मिळून ठरावीक काळात किती किलो धूळ सोडावी याची कमाल मर्यादा ठरवली गेली, बहुतांश परवाने मोफत वाटले गेले, उरलेले लिलावात निघाले. ज्याला धूर कमी करणे स्वस्तात जमते त्याने परवाने विकावेत, ज्याला महाग पडते त्याने घ्यावेत. भाव प्रति किलो 5 रुपयांच्या खाली आणि 100 रुपयांच्या वर जाणार नाही, अशी चौकट ठेवली. प्रत्येक कारखान्याने आगाऊ अनामत भरायची आणि काळाअखेर परवाने कमी पडले तर त्या अनामतीतून चढ्या दराने वजावट व्हायची. येथे न्यायालय लागत नाही आणि वीज तोडण्याची धमकीही लागत नाही.

एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुना नियम धुराची तीव्रता मोजतो, म्हणजे घनमीटरमागे किती मिलिग्रॅम. धुराड्यात स्वच्छ हवा मिसळली की तीव्रता उतरते. शहराच्या फुप्फुसात जाणारी धूळ मात्र तेवढीच राहते. बाजारात मोजली जाते एकूण धूळ, किलोमध्ये. यासाठी मात्र दिवसरात्र चालणारे यंत्र अपरिहार्य आहे. वर्षातून दोनदा बाटली भरून किलो मोजता येत नाहीत. म्हणून तंत्रज्ञान अनावश्यक आहे, असे माझे म्हणणे नाही. सुरतचा बाजार त्याच्याशिवाय एक दिवसही चालला नसता.

या प्रयोगातील 317 कारखाने यादृच्छिकपणे दोन गटांत विभागले होते. अखंड देखरेखीची यंत्रे दोन्ही गटांना बसवावी लागली. एक गट बाजारात उतरला, दुसरा जुन्याच कायद्याखाली राहिला. बाजारातील कारखान्यांचे धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी घटले, 99 टक्के वेळा त्यांच्याकडे पुरेसे परवाने होते, आणि प्रदूषण कमी करण्याचा खर्चही तुलनेने कमी आला. दुसऱ्या गटात नियमभंग किमान एक तृतीयांश प्रमाणात चालूच राहिला. तीच यंत्रे, तेच शहर, तोच कोळसा. हा फरक यंत्राच्या खात्यावर मांडता येत नाही.

सुरतेत माहिती न पाठवण्यालाही किंमत होती, हेही येथे नोंदवायला हवे. यंत्र बंद पडले तर त्या काळातील धूळ शून्य धरली जात नसे. ती चढ्या अंदाजाने भरली जाई. त्यामुळे यंत्र चालू ठेवणे ही कारखान्याच्या हिशेबनिसाची काळजी बनली. इतरत्र बंद पडलेले यंत्र ही कारखान्याची सर्वांत मोठी सोय असते.

याच्या उलट अनुभव प्लास्टिकचा. उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी 2022 मध्ये आली आणि सर्व व्यवहार एका केंद्रीय पोर्टलवर आला. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने जेवढे प्लास्टिक हाताळले तेवढी प्रमाणपत्रे निर्माण करायची, वेष्टने वापरणाऱ्या कंपन्यांनी ती विकत घ्यायची. पुढच्याच वर्षी केंद्रीय मंडळाला तपासणीत सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली. मोजक्या पुनर्प्रक्रिया कंपन्यांनी, कधीच हाताळल्या न गेलेल्या प्लास्टिकवर ती काढलेली होती. पोर्टल उत्तम चालत होते. खोटेपणाही तितक्याच सुरळीतपणे चालला. विकणाऱ्याला जास्त प्रमाणपत्रे हवी होती, घेणाऱ्याला स्वस्त हवी होती, आणि प्लास्टिक खरोखर वितळले की नाही यात व्यवहारातील दोघांनाही रस नव्हता. कारखान्याचा वीजवापर आणि यंत्रांची क्षमता पोर्टलवरील दाव्याशी आपोआप ताडून पाहिली जाती, तर यातील बरेचसे पहिल्या महिन्यातच अडले असते. संगणक खरोखर ज्या कामात निष्णात आहे ते हे काम. त्याच्याकडून आपण करवून घेतले टपाल स्वीकारण्याचे.

छोट्या उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे. वीस कामगारांच्या रंगाई किंवा मुलामा देणाऱ्या कारखान्याला लाखोंच्या घरातील यंत्र आणि त्याची देखभाल जड जाते, हे खरे आहे. परंतु माझ्या अनुभवात त्यांची तक्रार यंत्रापेक्षा अनिश्चिततेविषयी अधिक असते. मंडळाकडे शस्त्रे दोनच, पत्र आणि टाळे, असा काळ फार लांबला. पत्राला कोणी भीत नाही आणि टाळे लावले की शेकडो कामगार रस्त्यावर येतात, म्हणून ते सहसा लागत नाही. लागते तेव्हा का लागले हे कळत नाही. ठरलेल्या दराने, दर किलोमागे आकारला जाणारा भार लहान उद्योजकाला अधिक परवडतो, कारण त्याचा हिशेब आधी मांडता येतो.

कायद्याने या दिशेला एक दार किलकिले केले आहे. 2023 च्या जनविश्वास अधिनियमाने वायू आणि पर्यावरण कायद्यांतील, तर 2024 च्या दुरुस्तीने जल कायद्यातील अनेक अपराधांवरचा तुरुंगवास काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. तो न्यायनिर्णय अधिकारी लावू शकतो. पर्यावरणवाद्यांनी याला सवलत म्हटले आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती भीती रास्त आहे, कारण 15 लाख रुपये त्यांच्यासाठी चिल्लर आहे. तरीही मला वाटते, क्वचित होणाऱ्या शिक्षेपेक्षा खात्रीने होणारा दंड अधिक काम करतो. अट इतकीच की प्रमाणित आणि मोहोरबंद यंत्राची नोंद हा पुरावा मानण्याची तरतूद कायद्यात स्पष्टपणे हवी, आणि दंड किती दिवस, किती किलो याच्या प्रमाणात वाढायला हवा. यांतील एकही गोष्ट सॉफ्टवेअर कंपनीला दिलेल्या कंत्राटातून येणार नाही.

ऑगस्टमधील नव्या नियमांनी पर्यावरण परीक्षकांची यादृच्छिक नेमणूक देशभरासाठी स्वीकारली, हे स्वागतार्ह आहे. गुजरातच्या प्रयोगाचा एक पाय तरी दिल्लीपर्यंत पोहोचला. उरलेले दोन म्हणजे सामाईक निधीतून शुल्क आणि नियमित फेरतपासणी. तिन्ही एकत्र होते तेव्हा निकाल आला होता, एकेकट्याचा नव्हे. नेमणूक चिठ्ठीने झाली तरी बिल कारखान्याच्या लेखाविभागात अडकून राहणार असेल, तर परीक्षकाला इशारा पोहोचायला वेळ लागत नाही.

आणि नेमक्या याच मुद्द्यावर कार्बनचा नवा बाजार मला काळजीत टाकतो. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या या योजनेत सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना ऑक्टोबर 2025 मध्ये उद्दिष्टे मिळाली. 2025-26 हे त्यांचे पहिले वर्ष. उद्दिष्टाहून सरस काम करणाऱ्याला मिळणारी प्रमाणपत्रे विकता येतील. येथे आकडा केवळ दंड टाळत नाही, तो कमाई करून देतो. त्या आकड्याची पडताळणी मान्यताप्राप्त संस्था करतील, आणि आपली पडताळणी संस्था नेमण्याचे काम पुन्हा उद्योगाकडेच आहे. पहिल्या वर्षाचे अहवाल येतील तेव्हा सरासरीकडे फारसे पाहू नये. किती कारखाने उद्दिष्टाच्या रेषेच्या किंचित अलीकडे दाटीने उभे आहेत, ते आधी मोजावे.